शिरवळच्या पुढे

अण्णा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन 16 वर्षं झाली, पण पुणे–सातारा रस्त्यावरचे थांबे अजून त्यांच्या जिभेवर आहेत. स्वारगेट, कात्रज, शिवापूर, चेलाडी, कापूरहोळ, किकवी, सारोळा, शिरवळ, खंडाळा, वेळे, सुरूर, जोशी विहीर, भुईंज, पाचवड, आनेवाडी, लिंब, सातारा. माझा मुलगा 9 वर्षांचा आहे. सुट्टीत साताऱ्याला गेलो की दोघांचा खेळ ठरलेला. आजोबांनी एक थांबा म्हणायचा, नातवाने पुढचा. जो चुकेल त्याने गाडीतून उतरायचं. अण्णा कधीच उतरलेले नाहीत.

गेल्या आषाढी एकादशीला रात्री नऊच्या सुमाराला मुलगा स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, आजोबा शिरवळच म्हणतायत."

मी म्हटलं, "मग तू खंडाळा म्हण."

"म्हटलं. तरी ते परत शिरवळच म्हणतात."

बाहेर आले तर अण्णा पलंगावर बसलेले. बनियन घामाने पाठीला चिकटलेलं, बाहेर पाऊस आणि घरात गारवा असूनही. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते. "शिरवळ," ते म्हणाले. मग पुन्हा, "शिरवळ." आईने कपाळाला हात लावला तर त्यांनी तो झटकला आणि तिच्यावर ओरडले. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी आईवर आवाज चढवलेला मी पाहिला नव्हता. आई दोन पावलं मागे सरली, तिचा तो चेहरा मला अजून दिसतो.

ग्लुकोमीटर घरात होता. रक्तातली साखर 46 आली.

उपास होता. दुपारी थोडी भगर, संध्याकाळी साडेसातला सवयीने जेवणाआधीची मधुमेहाची गोळी, आणि मग "भूक नाही" म्हणून शेंगदाण्याच्या आमटीचे चार घोट. गोळी आपलं काम करत राहिली आणि पोटात काहीच नव्हतं. आईने लगेच पाण्यात चार चमचे साखर ढवळली, मी अण्णांना टेकवून बसवलं, घोट घोट पाजलं. गिळत होते, तेवढी शुद्ध होती. मी घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं. 48.

आणखी साखर. आईने बिस्किटं आणली, ती पाण्यात भिजवून दिली. आणखी दहा मिनिटं. अण्णा आता शिरवळही म्हणत नव्हते.

रुग्णवाहिकेला फोन करून मी गोळ्यांची पट्टी हातात घेतली, कारण तिथले लोक विचारतील म्हणून. मागे बारीक अक्षरांत तीन नावं होती. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज. तिसऱ्या नावावर माझी नजर थांबली आणि पोटात खड्डा पडला. शेजारच्या घरातला मुलगा कबड्डी खेळतो. मी अनवाणीच पळाले आणि त्याच्याकडून ग्लुकोजच्या पावडरीचा डबा आणला. तीन चमचे थोड्या पाण्यात. बारा मिनिटांनी 79.

रुग्णवाहिका आली तेव्हा अण्णा आईला विचारत होते, "ही सगळी माणसं का जमलीत?"

त्या रात्री ते दवाखान्यात राहिले. ग्लिमेपिराइडचा परिणाम बराच वेळ टिकतो, वय झालेल्या माणसाचं मूत्रपिंड थोडं मंदावलं असेल तर आणखीच, आणि एकदा चढलेली साखर पुन्हा कोसळू शकते. म्हणून सलाइनमधून ग्लुकोज आणि तासातासाला तपासणी. मी बाकावर बसून होते आणि एकच गोष्ट मनातून जात नव्हती. हे सगळं मला ठाऊक होतं. वयाच्या चोविसाव्या वर्षी मी वर्षभर हेच केलं होतं.

1998 ची गोष्ट. पुण्यात जीवरसायनशास्त्रात एम. फिल. करत होते. माझा विषय होता मेंदूतल्या चेतापेशींची टोकं ग्लुकोज आत कसं घेतात.

चेतापेशी म्हणजे एक गोळ्यासारखं शरीर आणि त्यातून निघालेला लांब तंतू. तंतूला फाटे, फाट्यांना हजारो टोकं, आणि प्रत्येक टोक पुढच्या पेशीला जवळजवळ चिकटलेलं. निरोप तिथे पोचतो. ही टोकं वेगळी काढता येतात हे 1960 च्या सुमाराला कळलं. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहमला व्हिक्टर व्हिटेकर आणि तिकडे ब्वेनोस आयर्सला एदुआर्दो दे रॉबर्टिस, दोघेही मेंदू घोटून त्याचे भाग वेगळे करत होते. व्हिटेकरांनी लंडनच्या जॉर्ज ग्रे यांच्याबरोबर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर मेंदू हलक्या हाताने घोटला की तंतूंची टोकं देठापासून तुटतात आणि तुटल्या जागी त्यांचं आवरण आपोआप मिटतं. आत सगळा ऐवज शाबूत. निरोपाच्या रसायनाने भरलेल्या पुटिका म्हणजे इवल्या पिशव्या, एखाददुसरी मायटोकाँड्रिया. पुढे 1964 मध्ये त्यांना सिनॅप्टोसोम हे नाव मिळालं.

मला ती गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा फार थोर वाटली, आजही वाटते. पेशीपासून तुटलेलं टोक परीक्षानळीत काही तास जिवंत राहतं. श्वसन करतं. ग्लुकोज दिलं तर घेतं.

ते काढायचं काम मात्र थंडीचं. सगळं बर्फात. कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून उभं राहायचं. उंदीर मारावा लागे, आणि त्याची मला शेवटपर्यंत सवय झाली नाही. त्या सकाळी मी काही खात नसे. मेंदू बर्फासारख्या थंड द्रावणात टाकायचा, काचेच्या नळीत टेफ्लॉनच्या दांड्याने वरखाली दहा-बारा वेळा घोटायचा. जोरात घोटलं तर टोकं फुटतात, फारच हळू घोटलं तर तुटत नाहीत. आमच्या लॅबमधले जुने सहायक शेजारी उभे राहून मोजायचे आणि म्हणायचे, "ताक घुसळतो तसं, भांडण काढल्यासारखं नाही." मग सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवणारं यंत्र. आधी हलका फेरा, त्यात केंद्रकं आणि न फुटलेल्या पेशी तळाला. मग जोराचा फेरा, त्यात टोकं खाली. मग दाटपातळ थरांच्या द्रावणावर घालून पुन्हा फिरवायचं, की मधोमध दुधाळ पट्टा दिसतो. तो पट्टा पिपेटने उचलायचा.

ज्या द्रावणात हे सगळं चालायचं ते होतं 0.32 मोलर सुक्रोज. लिटरला 109.5 ग्रॅम. हे वजन मी इतक्यांदा केलं की आकडा विसरणं शक्य नाही. सुक्रोज म्हणजे आपली चहातली साखर.

साखरच का? मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला हा प्रश्न विचारला होता, आणि उत्तर येईपर्यंत काचेला हात लावू दिला नव्हता. साध्या पाण्यात टोकं फुगून फुटतात, म्हणून बाहेरचं द्रावण आतल्याइतकंच दाट हवं. आणि दाट करायला असा पदार्थ हवा जो टोकाच्या आत शिरणार नाही. सुक्रोज शिरत नाही. ते ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडगोळी आहे, आणि टोकाच्या आवरणावरचा दरवाजा एकट्या ग्लुकोजच्या मापाचा आहे. म्हणजे माझी टोकं तासन् तास साखरेच्या पाकात बुडालेली असायची आणि तरी उपाशी असायची. जोडी फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, मेंदूत नाही. ते लहान आतड्याच्या अस्तरावर आहे.

व्होग्लिबोज त्याच विकराला अडवतं. गोळीचा हेतूच तो, की जेवणानंतर साखर एकदम रक्तात येऊ नये, हळूहळू यावी. पिष्ट पदार्थांचंही तेच. म्हणून अण्णांच्या पोटात आईने घातलेली साखर आणि भिजवलेली बिस्किटं तशीच पडून होती. ही गोळी घेणाऱ्याची साखर उतरली तर ग्लुकोजच द्यावं लागतं. मधही चालतो, कारण मधमाशीने साखरेची जोडी आधीच फोडून ठेवलेली असते. मी हे सगळं शिकलेली बाई, आणि ती पंचवीस मिनिटं साखरपाणी ढवळत बसले.

सुक्रोजमधून काढलेली टोकं मग मीठपाण्याच्या कोमट द्रावणात घ्यायची आणि त्यांना डीऑक्सिग्लुकोज द्यायचं. ग्लुकोजसारखंच, फक्त दुसऱ्या कार्बनवर एक ऑक्सिजन कमी. दरवाजा त्याला ओळखतो आणि आत घेतो. आत गेल्यावर हेक्झोकायनेज नावाचं विकर त्याला फॉस्फेट चिकटवतं, ग्लुकोजला चिकटवतं तसंच. पण पुढच्या पायरीला ते चालत नाही, आणि फॉस्फेट लागलेलं असल्यामुळे बाहेरही पडता येत नाही. अडकून बसतं. त्याला किरणोत्सारी खूण लावलेली असेल तर किती अडकलं ते मोजता येतं. माझ्याकडे आयव्हन डायमंड आणि रॉबर्ट फिशमन यांच्या 1973 च्या निबंधाची झेरॉक्स होती, कडा पिवळ्या पडलेली. टोकांना ग्लुकोजची फार ओढ असते, अगदी कमी प्रमाणात असलं तरी ती ओढून घेतात, हे त्यांनी याच युक्तीने दाखवलं होतं. मी तेच मोजमाप माझ्या परिस्थितीत पुन्हा करत होते. काही नवं शोधलं नाही. पण दहा सेकंद, वीस सेकंद, तीस सेकंद, असे ठिपके आलेखावर चढताना बघताना असं वाटायचं की ही तुटलेली टोकं माझ्यासमोर जेवतायत.

याच युक्तीवर पुढे मोठी इमारत उभी राहिली. अमेरिकेत बेथेस्डाला लुई सोकोलॉफ यांनी 1977 मध्ये अख्ख्या मेंदूत कुठे किती ग्लुकोज जळतं याचा नकाशा काढायची रीत प्रसिद्ध केली. त्याच्या आदल्याच वर्षी फिलाडेल्फियात फ्लोरिन-18 लावलेलं डीऑक्सिग्लुकोज पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं होतं. कॅन्सरच्या पेशंटांना "पेट स्कॅन करून या" असं सांगतात तो हाच. मुंबईत परळला 2002 मध्ये त्यासाठीचा सायक्लोट्रॉन, म्हणजे हा फ्लोरिन बनवणारं यंत्र, आला. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मा होतो, तो लांबून मागवून चालत नाही.

सोकोलॉफ यांच्या गटाचा 1985 चा एक प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. उंदराच्या मांडीतल्या मोठ्या नसेला विजेचे हलके झटके दिले आणि ग्लुकोज कुठे जळतं ते पाहिलं. त्या नसेच्या पेशींची शरीरं पाठीच्या कण्याच्या बाजूला गाठीत असतात आणि टोकं मज्जारज्जूच्या आत. झटके वाढवले तसं टोकांच्या भागात ग्लुकोज वाढत गेलं. पेशींच्या शरीरांत काही फरक नाही. चेतापेशींचा खर्च त्यांच्या गोळ्यासारख्या शरीरात कमी आणि टोकांवर जास्त असतो, हे इतकं सरळ दुसऱ्या कुठे दिसत नाही.

आता खर्च कसला? पुटिका भरण्याचा. प्रत्येक पुटिकेत निरोपाचं रसायन ठासून भरायला पंप चालवावा लागतो. पुटिका फुटून निरोप गेला की तिचं आवरण परत आत ओढून नवी पुटिका करायची, पुन्हा भरायची. शिवाय आत शिरलेलं सोडियम आणि कॅल्शियम बाहेर फेकायचं. हे सेकंदाला कित्येकदा, दिवसभर. मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के, पण आरामात बसलेल्या माणसाच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो घेतो. ग्लुकोजच्या हिशेबात दिवसाला 100 ग्रॅमच्या वर. आणि साठा? जवळजवळ नाही. स्नायूत, यकृतात ग्लायकोजेन असतं, म्हणजे साठवून ठेवलेलं ग्लुकोज. मेंदूत जे किंचित आहे ते बाजूच्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशींत. टोकांत नाही.

म्हणून सगळी मदार दरवाजांवर. रक्तातलं ग्लुकोज मेंदूत यायला केशवाहिन्यांच्या भिंतीत ग्लूट-1 नावाचा प्रथिनांचा दरवाजा आहे. तो फिरत्या फाटकासारखा चालतो, एका बाजूने रेणू घेतो, वळतो, दुसऱ्या बाजूला सोडतो. ढकलायला ऊर्जा लागत नाही, जिकडे जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे. तो जन्मतः कमी असलेली बाळं असतात. 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरिल डे व्हिव्हो यांनी अशा दोन बाळांची नोंद केली. झटके यायचे, रक्तातली साखर चोख, आणि कण्यातलं पाणी काढलं तर त्यात साखर फार कमी. रक्तात असून मेंदूला नाही. त्यांना भरपूर स्निग्धाचा आहार देतात, कारण चरबीपासून बनणारे कीटोन दुसऱ्या दाराने आत जातात.

निरोगी माणसाच्या रक्तात साखर 90 असेल तेव्हाही मेंदूच्या आत तिचा चौथा-पाचवा हिस्साच पोचलेला असतो. रक्तातली 46 वर आली की आत काय उरत असेल, याचा हिशेब मी दवाखान्याच्या बाकावर नको नको म्हणत करत होते. चेतापेशीवरचा दरवाजा वेगळा, ग्लूट-3. डायमंड आणि फिशमन यांनी मोजलेली ओढ बहुतेक त्याचीच. त्याचं नाव सापडायला 1988 उजाडलं. तो कमी साखरेतही जोमाने काम करतो, आणि त्याला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. स्नायूंना लागते. इन्सुलिन आलं की स्नायूच्या आत ठेवलेले ग्लूट-4 चे दरवाजे पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात.

मी एम. फिल. सोडून बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा इतकंच माहीत होतं. पुढचं 2017 मध्ये वाचलं आणि त्या दिवशी तासाला जायला उशीर झाला. न्यूयॉर्कमध्ये टिमोथी रायन यांच्या प्रयोगशाळेत गझाले अश्रफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेतापेशींच्या टोकांत तोच ग्लूट-4 पाहिला, स्नायूतला. पृष्ठभागावर आला की चमकेल अशी खूण त्याला लावली होती. टोक शांत असताना दरवाजे आत पिशव्यांत पडून. टोकाला निरोप पाठवायला लावलं की दरवाजे वर आले आणि चमकले. काम थांबलं की हळूहळू परत आत. आणि हे इन्सुलिनच्या हुकमावरून नाही. टोकातली एटीपी, म्हणजे पेशीचं खर्चायचं इंधन, संपत आली की तिचा चोथा साठतो, आणि तो चोथा ओळखणारं एएमपीके नावाचं विकर दरवाजे वर पाठवतं. ग्लूट-4 काढून टाकलेली टोकं काम सुरू झाल्यावर थोड्याच वेळात दमली. एटीपी घसरली आणि पुटिका परत आत ओढता येईना.

मी आलेखावर जे ठिपके मांडत होते त्यांच्या पाठीमागे हे चाललं असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

अण्णा घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पोरी, माझं काय झालं होतं ते नीट सांग. आई म्हणते मी तिच्यावर ओरडलो." त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं आणि तेच त्यांना फार लागलं होतं. मी वही घेतली. पेशी काढली, तंतू काढला, टोकं काढली. मेंदूची साखर उतरली की बोलणं, लक्ष, राग आवरणं अशी कामं आधी बिघडतात, हात-पाय नंतर, हे सांगितलं. तुम्ही ओरडला नाहीत अण्णा, असं म्हटलं.

ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मग बोट टोकावर ठेवून म्हणाले, "म्हणजे इथे लागतं."

"हो."

"आगारात टाकी भरलेली असून काय उपयोग. गाडी खंबाटकी घाटात बंद पडली तर डिझेल तिथं पोचायला पाहिजे."

मी म्हटलं, "अगदी तेच, अण्णा." वर्गात मी हा भाग 20 वर्षं वेगळ्या पद्धतीने सांगत आले होते. आता असाच सांगते.

"आणि साखर का नाही चालली?"

मग मी आतड्याचं चित्र काढलं. सुक्रोजची जोडी, ती फोडणारं विकर, आणि त्याला अडवून बसलेली गोळी. आईही येऊन बसली होती. तिने विचारलं, "म्हणजे मी दिली ती साखर वाया गेली?" मी म्हटलं, उशिरा पोचली असती. त्या रात्री तेवढा वेळ नव्हता. ती गप्प झाली. मग म्हणाली, "मला आधी कोणी सांगितलं असतं तर डबा आणून ठेवला असता." मी काही बोलू शकले नाही, कारण सांगायला हवं होतं ते मीच.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आहेत. व्होग्लिबोज आणि ग्लिमेपिराइड दोन्ही बंद. उपासाच्या दिवशी काय घ्यायचं आणि काय टाळायचं ते लिहून दिलं आहे. तुमच्या घरात कोणी मधुमेहाची गोळी घेत असेल तर पट्टी उलटी करून व्होग्लिबोज आहे का ते वाचा, आणि घरात साध्या ग्लुकोजच्या पावडरीचा डबा ठेवा. 70 च्या खाली साखर आली आणि माणूस गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तेव्हा दवाखानाच.

आमचा डबा फ्रिजवर आहे. अण्णांनी त्यावर कागद चिकटवला आहे. आयुष्यभर वेबिलं लिहिलेलं त्यांचं अक्षर, ठळक आणि सुटं: "साखर नव्हे. ग्लुकोज. आधी हे." खाली उघडल्याची तारीख. शर्टाच्या खिशात, पूर्वी जिथे तिकिटांचा पंच असायचा तिथे, दोन पुड्या असतात. गेल्या रविवारी फोनवर खेळ झाला. मी ऐकत होते. सारोळा, नातू म्हणाला. शिरवळ, अण्णा म्हणाले, आणि मी श्वास धरून बसले. खंडाळा, नातू म्हणाला. वेळे, अण्णा म्हणाले.